घरासाठी सॉना घ्यायचा आहे: इन्फ्रारेड की पारंपरिक?

चाफेकळी:
आम्ही पुण्यात बाणेरला सहाव्या मजल्यावर स्वतःच्या सदनिकेत राहतो. यजमानांना पाठदुखीचा जुना त्रास आहे, माझे गुडघे थंडीत आखडतात आणि प्रवासात एका हॉटेलात घेतलेला सॉना, म्हणजे तापवलेल्या बंद खोलीत बसून घाम काढणे, दोघांनाही चांगला मानवला होता. त्यामुळे सध्या अडगळ ठेवलेली, साधारण सहा फूट बाय पाच फुटांची खोली सॉनासाठी वापरावी असे मनात आहे. विक्रेता दोन जणांच्या इन्फ्रारेड केबिनचा, म्हणजे उष्णतेच्या अदृश्य किरणांनी अंग तापवणाऱ्या केबिनचा, आग्रह धरतो. त्याच्या म्हणण्यानुसार हे किरण शरीरात दीड इंच आत शिरतात, घामावाटे विषद्रव्ये बाहेर पडतात आणि हृदयविकाराचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे फिनलंडमध्ये सिद्ध झाले आहे. पारंपरिक सॉना मात्र वीज खातो आणि भिंतींना ओल आणतो, असेही तो सांगतो. यातले खरे किती आणि विक्रीसाठी किती, हे जाणकारांनी सांगावे. यजमानांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, हेही लक्षात घ्यावे.

उत्तरवारा:
मी फिनलंडमध्ये, एस्पो येथे राहतो. आमच्या इमारतीच्या तळघरात सामायिक सॉना आहे आणि प्रत्येक कुटुंबाला आठवड्यातला एक ठरावीक तास राखून दिलेला असतो. सुमारे ५५ लाख लोकवस्तीच्या या देशात सॉनांची संख्या ३० लाखांच्या घरात सांगितली जाते. २०२० मध्ये युनेस्कोने येथील सॉना संस्कृतीचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. या सगळ्यात इन्फ्रारेड केबिन कुठेच बसत नाही, आणि येथील जुनी माणसे तर तिला सॉना म्हणायलाही तयार नसतात.

विक्रेत्याने ज्या संशोधनाचा दाखला दिला, ते पूर्व फिनलंडमधील कुओपिओ परिसरातले आहे. यारी लौक्कानेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २,३१५ मध्यमवयीन पुरुषांच्या सुमारे वीस वर्षांच्या नोंदी तपासून २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आठवड्यातून एकदाच सॉना घेणाऱ्यांच्या तुलनेत चार ते सात वेळा घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने अचानक मृत्यू येण्याचे प्रमाण ६३ टक्क्यांनी कमी आढळले. मात्र हे सगळे लोक पारंपरिक, म्हणजे सरासरी ७९ अंशांच्या आसपास तापलेल्या सॉनात बसणारे होते. शिवाय ही केवळ निरीक्षणे आहेत. ज्याची प्रकृती मुळात धडधाकट तोच आठवड्यातून पाच वेळा सॉना घेऊ शकतो, ही शंका कितीही आकडेमोड केली तरी पुरती फिटत नाही. तेव्हा हा आकडा इन्फ्रारेड केबिनच्या माहितीपत्रकावर छापणे म्हणजे दुसऱ्याच्या शेतातले पीक आपल्या खळ्यावर मळणे होय.

आता अनुभवाचे सांगतो. पारंपरिक सॉनात तापमापक ८५ अंश दाखवत असला तरी हवा कोरडी असते, म्हणून ती सोसवते. तापलेल्या दगडांवर लाकडी ओगराळ्याने पाणी टाकले, की हवेतले बाष्प एकदम वाढते. आपली त्वचा त्या हवेपेक्षा पुष्कळ थंड असल्याने हे बाष्प तिच्यावर दवासारखे जमते आणि जमताना आपली सुप्त उष्णता सोडून देते. तापमापकाचा काटा जेमतेम हलतो, पण कानांच्या पाळ्या आणि खांदे चटकन पोळतात. क्षणभर श्वास आखडतो आणि मग सगळे अंग सैलावते. या वाफेला येथे ‘लोयुलु’ म्हणतात आणि सगळी गंमत तिच्यातच आहे. इन्फ्रारेड केबिनमध्ये हवा साधारण ४५ ते ६० अंशांवर असते, पाणी टाकायचे नसते आणि भिंतींवर बसवलेल्या तापणाऱ्या तक्त्यांमधून निघणारे किरण थेट अंगाला तापवतात. घाम तिथेही भरपूर येतो, परंतु तुम्हाला हॉटेलात जे आवडले ते जर दगड-पाण्याचे असेल, तर केबिन घेऊन तुमची निराशा होईल.

फेज-न्यूट्रल:
विजेच्या बाबतीत तुमचा विक्रेता खोटे बोलत नाही. सहा बाय पाचची खोली आणि आतली उंची सात फूट धरली तर सुमारे सहा घनमीटर जागा होते. दर घनमीटरला एक किलोवॉट या ढोबळ हिशेबाने सहा किलोवॉटचा हीटर लागेल. तो २३० व्होल्टवर २६ अँपिअर खेचतो, म्हणजे गीझरच्या सोळा अँपिअरच्या प्लगवर त्याला लावण्याचा विचारही करू नये. मीटरपासून स्वतंत्र जाड वायर, स्वतंत्र एमसीबी आणि गळतीला वीजपुरवठा तोडणारा आरसीसीबी, एवढे तर हवेच. त्याआधी वीजबिलावर मंजूर भार किती आहे ते पाहावे. सिंगल फेज जोडणी असेल तर महावितरणकडे भार वाढवून घेण्याचा, कदाचित थ्री फेज करून घेण्याचा अर्ज करावा लागेल. दोन जणांची इन्फ्रारेड केबिन मात्र साधारण दोन किलोवॉटची असते आणि चांगल्या सोळा अँपिअरच्या सॉकेटवर चालते.

खर्चाचे म्हणाल तर पारंपरिक सॉना तापायला तीस-चाळीस मिनिटे आणि बसायला अर्धा तास धरून एका वेळेला पाचेक युनिटे जातील, तर केबिनला दोनाच्या आत. फरक फार वाटत नाही, पण आपल्याकडे घरगुती दर टप्प्यांचे असतात. तुमचा वापर वरच्या टप्प्यात गेला, की वाढीव युनिटांना चढा दर लागतो.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. पावसाळ्यात हीटर दोन-तीन महिने बंद राहिला की त्याच्या कांड्यांतील भरणीत दमटपणा शिरतो आणि पुन्हा चालू करताच आरसीसीबी पडतो. अशा वेळी अनेक कारागीर आरसीसीबीच काढून टाकण्याचा सल्ला देतात. तो कदापि मानू नये. जाणकार इलेक्ट्रिशियनकडून कांड्या तपासून आणि सुकवून घ्याव्यात.

संत्रानगरी:
आमच्याकडे नागपूरला इन्फ्रारेड केबिन आहे आणि मी तिच्यावर समाधानी आहे, म्हणून दुसरी बाजू मांडते. ती पंधरा-वीस मिनिटांत वापरण्याजोगी होते, भिंतीला हात लावावा लागत नाही आणि घर बदलले तर सुटी करून नेता येते. मला ऐंशी अंशांच्या हवेत गुदमरल्यासारखे होते, तसे हिच्यात होत नाही. उणीव एवढीच, की तक्ते जिथे आहेत तिथेच ऊब लागते. पाठ छान शेकते, पण पोटऱ्या आणि पावले थंडच राहतात. घेण्यापूर्वी प्रत्यक्ष बसून पायांकडे तक्ता आहे का ते जरूर पाहावे.

मणका:
मी भौतिकोपचारतज्ज्ञ आहे. दीड इंचांचा दावा सरळ बाजूला ठेवावा. घरगुती केबिनमधील दूर-इन्फ्रारेड, म्हणजे लांब लहरींचे, किरण त्वचेच्या अगदी वरच्या थरात, मिलिमीटरच्या काही अंशातच शोषले जातात. आखूड, म्हणजे निकट-इन्फ्रारेड लहरी थोड्या अधिक खोल जातात, पण त्याही काही मिलिमीटरच. पुढची उष्णता रक्ताभिसरणच वाहून नेते. विषद्रव्यांचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात, घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ.

म्हणून इन्फ्रारेड निरुपयोगी ठरत नाही. जपानमध्ये कागोशिमा विद्यापीठातील चुवा तेई यांनी हृदय दुर्बल झालेल्या रुग्णांसाठी ‘वाओन’ नावाची पद्धत विकसित केली. तीत ६० अंशांच्या इन्फ्रारेड कक्षात पंधरा मिनिटे बसवून पुढे अर्धा तास ब्लँकेटमध्ये गुंडाळून निजवतात. परंतु ते उपचार वैद्यकीय देखरेखीखाली दिले जातात, हे माहितीपत्रके विसरतात. दुसरीकडे, अमेरिकेतील ओरेगन विद्यापीठातून २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत शरीराच्या आतले तापमान सर्वाधिक वाढले ते गरम पाण्यात बसल्याने, त्याखालोखाल पारंपरिक सॉनाने, आणि इन्फ्रारेडने जवळजवळ वाढलेच नाही. आखडलेल्या पाठीला आणि गुडघ्यांना ऊब हवी असेल तर तिन्ही चालतील, पण आराम तात्पुरता असेल आणि व्यायामाची जागा कोणतीही केबिन घेणार नाही.

रक्तदाबाच्या गोळीचा मुद्दा महत्त्वाचा आहे. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात, गोळीनेही दाब उतरतो, आणि उठून उभे राहताना भोवळ येते. लघवी वाढवणारी गोळी असेल तर शरीरातील पाणी आणखी घटते. यजमानांच्या डॉक्टरांना गोळीचे नाव घेऊन विचारावे. अलीकडे हृदयविकाराचा झटका आलेल्यांनी, छातीत वारंवार कळ येणाऱ्यांनी, महाधमनीची झडप फार अरुंद झालेल्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांच्या संमतीशिवाय बसूच नये. मधुमेहाने पावलांची संवेदना कमी झाली असेल, तर तापलेल्या तक्त्याला टेकलेला पाय भाजल्याचे कळतही नाही. मद्य घेऊन तर कोणीच बसू नये.

चाफेकळी:
सर्वांचे मनापासून आभार. मंजूर भार पाहिला, तो चार किलोवॉट निघाला. हॉटेलात दगडांवर पाणी टाकत होतो हे यजमानांना पक्के आठवते, त्यामुळे विक्रेत्याला तूर्त थांबवले आहे. पारंपरिक करायचे ठरले तर ओलीचे काय?

फेज-न्यूट्रल:
ओगराळ्याने टाकलेले पाणी थोडेच असते. ओल येते ती बांधणी चुकल्यास. विटांच्या भिंतीला थेट लाकडी पट्ट्या ठोकू नका. आधी उष्णतारोधक थर, त्यावर सांधे चिकटवून बंद केलेली अॅल्युमिनियमची पन्नी, मग थोडी पोकळी सोडून पट्ट्या, असा क्रम ठेवावा. हीटरजवळ खालून हवा आत येण्याची आणि समोरच्या बाजूने बाहेर जाण्याची सोय हवी. वापरानंतर दार उघडे ठेवावे, नाहीतर पुण्याच्या जुलैत बुरशी धरते. जमिनीला उतार आणि वॉटरप्रूफिंग करून घ्या, आणि काम सुरू करण्यापूर्वी सोसायटीची लेखी परवानगी काढा, कारण खालच्या मजल्यावर ओघळ दिसला तर तो सॉनाचाच, असे गृहीत धरले जाईल. दार बाहेर उघडणारे असावे आणि त्याला आतून कडी किंवा कुलूप अजिबात नसावे. चार किलोवॉटच्या मंजूर भारात हे बसणार नाही, तेव्हा सुरुवात महावितरणच्या अर्जापासून करा.