लांब केसांच्या कुत्र्याला उन्हाळ्यात भादरावं का?

सावली_हवी:
उन्हाळा लागला की हस्की, गोल्डन रिट्रीव्हर, पॉमेरेनियन, सगळ्यांवर सरसकट मशीन फिरतं. माझं स्पष्ट मत, हे थांबायला हवं. या जातींच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आतला मऊ, दाट थर उन्हाळ्याच्या तोंडावर बराचसा गळतो. वरचे राठ केस ऊन थेट कातडीवर पडू देत नाहीत. मशीनने दोन्ही थर एकदम जातात आणि उघडी पडलेली कातडी उन्हाने भाजते. शिवाय कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंजांच्या गाद्यांना येतो तेवढाच. अंगातली उष्णता जाते ती मुख्यतः धापा टाकून. त्यामुळे ‘आपण स्वेटर काढतो तसंच हे’ असं कुणी म्हणालं की मला राहवत नाही. सुटलेला आतला थर कंगव्याने काढा, मशीन ठेवून द्या.

मोत्याचे_बाबा:
अजिबात पटलं नाही. कुत्रं उकडलं की गार फरशीवर पोट टेकून का पसरतं? पोटावर केस विरळ असतात, फरशीचा गारवा थेट कातडीला लागतो, म्हणूनच ना? मग केस आड येतात हे तुम्हीही मान्य करताय. आमचा म्हातारा मोत्या भर उन्हात बाहेर पडतच नाही, त्याची कातडी भाजणार कुठून? केस बारीक केले की तो जरा उठून फिरतो, जेवतो. मी डोळ्यांनी बघतोय ते खोटं कसं मानू?

कंगवा_कात्री:
ग्रूमिंग हेच माझं काम आहे. आधी जात बघा. पूडल, शिह त्झू यांचे केस सतत वाढतात, ते कापावेच लागतात. तरी अगदी कातडीपर्यंत नको, दोनेक सेंटिमीटर ठेवा. दोन थरवाल्यांचं वेगळं. कानामागचे आणि मांड्यांच्या मागचे केस बाजूला करून बघा. बाहेरून कुत्रं छान फुललेलं दिसतं आणि आत नमद्यासारखा घट्ट गुंता, खाली ओलसर, लाल झालेली कातडी. हवा खेळत नाही ती या गुंत्यामुळे. तो मोकळा करा, पोटाचे केस बारीक करा, पुरतं. ‘परत येतील की केस’ म्हणणाऱ्यांना मी आधीच सांगते, हस्की किंवा पॉमेरेनियनला भादरल्यावर केस कधी कधी महिनोन्‌महिने येत नाहीत, आले तरी चट्टे पडल्यासारखे.

दुपारची_झोप:
रोज कंगवा फिरवणं सगळ्यांना जमत नाही हो. दिवसभर नोकरी, घरी आजारी माणूस. गुंता इतका झाला की कंगवा लावताच कुत्रं कळवळतं. अशा वेळी मशीन फिरवणं हीच दया. लोकांना उगाच अपराधी वाटायला लावू नका.

सावली_हवी:
गुंता सुटण्यापलीकडे गेला असेल किंवा डॉक्टरांनी त्वचेच्या आजारासाठी सांगितलं असेल, तर काढाच, त्याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो दरवर्षीचा रिवाज म्हणून भादरण्याला.

पहाटेची_फेरी:
केसांवरून भांडताय आणि खरा धोका बाजूलाच राहतोय. ब्रिटनमधल्या कुत्र्यांच्या उष्माघाताच्या नोंदींवर 2020 मध्ये एक अभ्यास आला. त्यात सुमारे तीन चतुर्थांश प्रकरणं पळणं, चालणं, खेळणं यातून झालेली होती. बंद गाडीमुळे झालेली सुमारे 5 टक्के. म्हणजे आपण हौसेने चेंडू फेकत राहतो, तिथेच घात होतो. फिरणं पहाटे किंवा ऊन पूर्ण उतरल्यावर. पग, बुलडॉग यांना तर धापाच नीट टाकता येत नाहीत, त्यांना जास्तच जपा.

मोत्याचे_बाबा:
तिकडची हवा वेगळी, तो हिशोब सगळीकडे कसा लागू होईल?

पहाटेची_फेरी:
तुलनेने थंड देशात पळण्याने एवढं होत असेल, तर जिथे हवा तापलेली आणि दमट आहे तिथे जास्तच काळजी हवी. दमट हवेत धापा टाकूनही अंग लवकर गार होत नाही.

कंगवा_कात्री:
आणि झालंच तर काय करायचं तेही सांगते. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 38 ते 39 अंशांच्या आसपास असतं, 41 च्या वर गेलं की जिवावर बेततं. धाप थांबत नाही, हिरड्या लालभडक, तोल जातोय, असं दिसलं तर आधी अंगावर भरपूर गार पाणी ओता, पंखा लावा, मगच डॉक्टरांकडे पळा. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, तो उष्णता आत कोंडतो. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

मोत्याचे_बाबा:
टॉवेलचं लक्षात ठेवतो. पोटाचे केस काढून बघेन, पण म्हाताऱ्या, घरातच असणाऱ्या कुत्र्याचे केस बारीक करण्यात चूक आहे हे मला अजून पटलेलं नाही.

सावली_हवी:
बारीक करा, फक्त कातडी दिसेपर्यंत नको. आणि एकदा डॉक्टरांना दाखवा. नुसत्या उन्हाळ्याने तो उठेनासा होत असेल तर हृदयाची तपासणी करून घ्यायला हवी.