सल्ला हवा: धुराड्याचा प्रयोग विंड टनेलमध्ये करू की पाण्याच्या टाकीत?

वातकुक्कुट: एम.टेक.चा प्रोजेक्ट आहे. २० मीटर उंच इमारतीवरच्या धुराड्याचा धूर मागे कसा उतरतो ते १:२०० मॉडेलवर बघायचंय. टनेल आहे, पण विमानाच्या पंखांसाठी बांधलेला. आतला वारा एकदम गुळगुळीत. चालेल का?

खडबडीत: चालेल, पण आधी वारा बिघडवावा लागेल. जमिनीलगतचा वारा खाली मंद, वर जोरात आणि सतत घुसळलेला असतो. तोंडाशी त्रिकोणी स्पायर (उभे सुळके) लावा, पुढे तळभर ठोकळे मांडा, लेगोचेही चालतात. मॉडेल ठेवण्याआधी हॉट-वायरने (तापलेल्या तारेचा वेगमापक) वेगाचा उभा आलेख काढा. तो लॉग नियमात (वेग उंचीच्या लॉगरिदमप्रमाणे वाढतो) बसला नाही तर पुढची मेहनत वाया.

वातकुक्कुट: आणि रेनॉल्ड्स नंबर, म्हणजे वेग आणि आकारावरून प्रवाहाचं स्वरूप सांगणारा आकडा? मॉडेल २०० पट लहान म्हणजे वारा २०० पट जोरात!

खडबडीत: तो जुळवायचाच नसतो. धारदार कडांच्या इमारतीवर प्रवाह कडेलाच सुटतो, त्यामुळे ठरावीक मर्यादेपुढे चित्र बदलत नाही. स्नायडर यांच्या १९८१ च्या ईपीए (अमेरिकेची पर्यावरण संस्था) मार्गदर्शिकेत ती मर्यादा ११,००० आहे. तुमची इमारत १० सेंमी, वारा २ मी./से. धरला तर १३,००० च्या आसपास येतो. गोल सायलो (धान्याचं कोठार) असता तर एवढ्यावर भागलं नसतं. खरी गोची धुराड्यात: काही मिलिमीटरच्या नळीत प्रवाह लॅमिनार (संथ, न घुसळणारा) होतो, म्हणून तो घुसळायला आत छोटी रिंग बसवतात.

टाकीवाला: टाकीचा मोह टाळा. तापलेल्या जमिनीवरचं अभिसरण (गरम हवेचं वर-खाली होणं) हवं असेल तर मात्र ती हवीच. विलिस आणि डिअरडॉर्फ यांनी सत्तरच्या दशकात खालून तापवलेल्या टाकीत दाखवलं, की उंचावरून सोडलेला झोत आधी खाली येतो आणि जमिनीवरून सोडलेला वर उचलला जातो. रात्रीच्या इन्व्हर्जनसाठी (खाली थंड, वर गरम हवा) टाकीत मिठाच्या पाण्याचे थर. तुमचा प्रश्न इमारतीचा आहे, टनेलच बरा.

एफआयडी_प्रेमी: नुसत्या धुराचे फोटो काढून थांबू नका, आकडे लागतात. ट्रेसर (धुराऐवजी सोडून मोजायचा वायू) ईथेन घ्या: रेणुभार ३०, हवेचा २९, म्हणजे ना तरंगतो ना बसतो. एफआयडीने (ज्योतीवर चालणारा वायुमापक) मोजता येतो. ज्वलनशील आहे, एक्झॉस्ट बाहेर काढा. टनेल बंद फेऱ्याचा, म्हणजे तीच हवा फिरवणारा असेल तर आतली ईथेनची पार्श्वपातळी चढत जाते. ती मॉडेलच्या अलीकडे, वारा येतो त्या बाजूला मोजून वजा करा.

वातकुक्कुट: उघडाच आहे. पण टेस्ट सेक्शन जेमतेम अडीच मीटर.

खडबडीत: स्पायरसाठीच्या अर्विनच्या १९८१ च्या सूत्राने स्पायर जमिनीलगतच्या वाऱ्याच्या हव्या त्या थराच्या साधारण सव्वापट उंच येतात, आणि मॉडेल स्पायरपासून त्यांच्या उंचीच्या सहापट अंतरावर ठेवावं लागतं. म्हणजे तुमच्या लांबीत स्पायर ३० सेंमी, थर २४ सेंमी. वातावरणाचा अख्खा थर मिळणार नाही, खालचाच तुकडा. तुमच्या १० सेंमी इमारतीला पुरेल. धुराडं फार उंच नाही ना?

वातकुक्कुट: छतापासून ३ सेंमी.

खडबडीत: मग लागा कामाला.