मदत हवी आहे: वर्षात चष्म्याचा एक नंबर वाढला, धाकटीला तरी कसं वाचवू?

अबोली | १९ जून, रात्री १०.५०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, पण कृपया पूर्ण वाचा.

मोठा मुलगा नऊ वर्षांचा, यंदा चौथीत गेला. गेल्या जूनमध्ये बाईंनी डायरीत लिहून पाठवलं की फळ्यावरचं तो शेजारच्याच्या वहीतून उतरवतो. आम्ही घाईघाईत स्टेशनजवळच्या चष्म्याच्या दुकानात मशीनवर नंबर काढला. दोन्ही डोळ्यांना मायनस पावणेदोन. "हल्ली सगळीच मुलं मोबाइल बघतात" म्हणून निळा उजेड अडवणाऱ्या काचा जादा पैसे घेऊन दिल्या. पंधरा दिवस पोरगं डोकं दुखतं म्हणून रडत होतं. मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी थेंब घालून, बाहुल्या मोठ्या करून तपासलं तर खरा नंबर सव्वा निघाला. लहान मुलं मशीनमध्ये बघताना डोळा ताणून धरतात, त्यामुळे थेंबांशिवाय मायनस जास्त येऊ शकतो, हे मला तेव्हा कळलं.

परवा वर्षाची तपासणी झाली, पुन्हा थेंब घालूनच. सव्वादोन! एका वर्षात पूर्ण एक नंबर.

माझी भीती समजावी म्हणून सांगते. नवऱ्याचा नंबर मायनस साडेआठ आहे. दोन वर्षांपूर्वी त्याच्या डोळ्यांत वीज चमकल्यासारखं व्हायला लागलं, काळे ठिपके तरंगायला लागले. पडद्याला भोक पडलं होतं. वेळेत लेझर झालं म्हणून नजर वाचली. तेव्हापासून कुणी "चष्माच तर लागलाय" म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

सासूबाईंचं म्हणणं, सतत चष्मा लावला तर डोळा आळशी होतो आणि नंबर वाढतो, म्हणून त्याने फक्त शाळेत लावावा. दीर म्हणतात, अठरा पूर्ण झाले की लेझर करून टाकू, तोवर काळजी कशाला. दोघंही मुलाच्या मायेपोटीच बोलतात, पण मला नीट उत्तर देता येत नाही.

आम्ही विक्रोळीला कन्नमवार नगरात राहतो. जुन्या चार मजली इमारतीत होतो तेव्हा खालच्या अंगणात मुलं दिवेलागणीपर्यंत असायची. पुनर्विकासानंतर घर मोठं झालं, लिफ्ट आली, पण अंगणाच्या जागी पार्किंग आलं. चेंडू दिसला की वॉचमन ओरडतो. मुलाची शाळा दुपारची, साडेबारा ते सहा, आणि सकाळी नऊ ते अकरा क्लास. ऊन त्याला लागतं ते शाळेच्या वाटेवर, तेवढंच.

मोठ्याचा नंबर थांबवता येतो का? आणि सहा वर्षांच्या धाकटीला, जिला अजून चष्मा नाही, तो लागूच नये म्हणून आत्तापासून काय करू? नंबर वाढू नये म्हणून कुणी मुलांना थेंब दिलेत का? अनुभव सांगा.

ठाणेकर ऑप्टोम | २० जून, सकाळी ७.१५

अबोलीताई, मी अठरा वर्षं मुलांचे डोळे तपासतोय. थेंब घालून तपासणी केलीत ते फार बरं झालं, निम्मे घोटाळे तिथेच टळतात.

आधी दिरांच्या मुद्द्याचं सांगतो. मायनस नंबर म्हणजे बहुतेक वेळा डोळ्याचा गोळा मागच्या बाजूला लांब होणं. मोठ्या माणसाचा डोळा साधारण २४ मिलिमीटर लांब असतो. तो एखादा मिलिमीटर जास्त वाढला की अडीच-तीन नंबर लागतो. गोळा लांबला की आतला पडदा ताणला जातो आणि पातळ होतो. मायनस सहाच्या पुढे पडदा सुटणं, काचबिंदू, पडद्याच्या मध्यभागाची झीज यांचा धोका चांगलाच वाढतो, आणि तुमच्या मिस्टरांचं तेच झालं. लेझर शस्त्रक्रियेत डोळ्याच्या पुढची पारदर्शक काच घासून नंबर काढतात. चष्मा सुटतो, पण गोळा लांबचा लांबच राहतो आणि मागचा धोका जात नाही. त्यामुळे अठरापर्यंत थांबण्यात मधली मोलाची वर्षं जातात. नंबर सर्वात वेगाने वाढतो तो याच वयात.

आता सासूबाईंचं. पूर्वी आम्हालाही वाटायचं की थोडा कमी नंबर दिला तर वाढ मंदावेल. मलेशियात तसं करून पाहिलं, २००२ मध्ये निष्कर्ष आले. कमी नंबर दिलेल्या मुलांचाच नंबर जास्त वाढला होता. तेव्हा चष्मा पूर्ण नंबराचा आणि दिवसभर. त्यांना हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा, पटेल.

धाकटीसाठी सर्वात मोठं औषध आहे दिवसाचा उजेड. ऐकायला साधं वाटतं, पण याच्याइतका भक्कम पुरावा दुसऱ्या कशालाच नाही. चीनमधल्या ग्वांगझू शहरात १२ प्राथमिक शाळा घेतल्या. निम्म्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटांचा एक तास मैदानावर जादा दिला. तीन वर्षांनी त्या शाळांत ३०.४ टक्के मुलांना मायनस नंबर लागला होता, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्के. फक्त ४० मिनिटांत एवढा फरक! तैवानने २०१० पासून शाळांतून रोज १२० मिनिटं बाहेर, असा कार्यक्रमच राबवला. आपल्याकडे दिल्लीच्या शाळांतल्या मोठ्या पाहणीत १३.१ टक्के मुलांना मायनस सापडला होता, आणि रोज दोन तासांपेक्षा जास्त बाहेर खेळणाऱ्या मुलांत तो कमी होता.

कारण असं समजतात की भरपूर उजेडात पडद्यातून डोपामिन नावाचं रसायन स्रवतं आणि ते गोळ्याची वाढ आवरतं. म्हणून बाहेर मूल पळतंय की बसलंय याला फारसं महत्त्व नाही, उजेडाला आहे. कडक ऊनही लागत नाही. १,००० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) वरचा उजेड पुरतो आणि तो झाडाच्या सावलीतही मिळतो. टोपी घाला, सूर्याकडे थेट बघू देऊ नका.

एक मात्र स्पष्ट सांगतो. हा उपाय नंबर लागण्याआधी जास्त चालतो. एकदा लागला की एकट्या उजेडावर भागत नाही, म्हणून मोठ्याचा विचार वेगळा करावा लागेल. डॉक्टरांना डोळ्याची लांबी मोजायला सांगा. डोळ्याला न लागता दोन मिनिटांत होते. दर सहा महिन्यांनी तोच आकडा बघायचा. उपायांत कमी मात्रेचे अॅट्रोपिनचे थेंब आहेत, नंबर रोखायच्या खास चष्म्याच्या काचा आहेत (मधोमध पूर्ण नंबर आणि भोवती बारीक भिंगांची नक्षी), आणि लेन्स आहेत. काचा साध्यांपेक्षा कितीतरी महाग पडतात. लेन्सला स्वच्छता अतिशय काटेकोर लागते, नऊ वर्षांच्या मुलाला मी घाईने सुचवणार नाही.

धाकटीचीही थेंब घालून तपासणी करा, आत्ताच. सहाव्या वर्षी डोळा थोडा प्लसमध्ये असायला हवा. ती शिल्लक पाऊणपेक्षा कमी असेल तर पुढे मायनस लागण्याची शक्यता जास्त. आज तिला सगळं स्पष्ट दिसत असलं तरी हे कळतं.

गिरगावकरीण | २० जून, दुपारी २.३०

माझ्या लेकीला दोन वर्षं अॅट्रोपिन चालू आहे, म्हणून लिहितेय. रोज रात्री झोपताना दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब. आधी ०.०१ टक्के दिलं होतं, सहा महिन्यांत फरक पडेना, म्हणून डॉक्टरांनी मात्रा वाढवली. हाँगकाँगच्या अभ्यासात ०.०५ टक्के सर्वात जास्त उपयोगी ठरलं होतं असं त्यांनी सांगितलं. मात्रा वाढवल्यावर पहिले दहा दिवस तिला उन्हात डोळे दिपायचे, जवळचं वाचताना थोडं धूसर वाटायचं. मग सवय झाली. पूर्वी वर्षाला पाऊण नंबर वाढायचा, गेल्या वर्षी पाव वाढला.

हे औषध आपल्या मनाने सुरू करू नका आणि मनाने बंदही करू नका. एकदम सोडलं तर नंबर उसळी मारतो, हळूहळू कमी करावं लागतं. आम्ही मध्ये गावाला गेलो तेव्हा बाटली घरीच राहिली होती, तर डॉक्टर माझ्यावर चांगल्याच रागावल्या.

आणि बाईसाहेबांची पुस्तक नाकाला लावून, पलंगावर पालथं पडून वाचायची सवय मोडायला मला औषधापेक्षा जास्त कष्ट पडले. आता नियम एकच: कोपर टेबलावर, मूठ हनुवटीला, तेवढं अंतर.

मंजिरी | २० जून, संध्याकाळी ६.०५

आमच्याकडे आजी मुलांना रोज त्राटक, डोळे गोल फिरवणं आणि गाजराचा रस देतात. त्याने चष्मा उतरतो म्हणतात. करून बघायला काय हरकत आहे?

ठाणेकर ऑप्टोम | २० जून, संध्याकाळी ७.४०

मंजिरीताई, गाजर जरूर द्या, अ जीवनसत्त्व डोळ्यांना हवंच असतं. पण ज्या मुलाला त्याची कमतरता नाही, त्याच्या गोळ्याची लांबी गाजराने कमी होत नाही. डोळे फिरवल्यानेही नाही. लांबलेला गोळा आखूड करणारं काही माझ्या पाहण्यात नाही. माझी काळजी एवढीच की पालक सहा महिने व्यायाम करत बसतात, तपासणी राहते आणि मूल फळा न दिसता वर्गात बसतं. निळ्या काचांचंही तेच. त्यांनी नंबर थांबत नाही. ते पैसे तपासणीला ठेवा.

परळचा मास्तर | २० जून, रात्री ९.२०

मी पालिकेच्या शाळेत शिकवतो. पालकांना एक विचारतो, मधल्या सुट्टीत तुमचं मूल कुठे असतं ते माहीत आहे का? बऱ्याच शाळांत मुलं वर्गातच डबा खातात आणि वर्गातच दंगा करतात. माझ्या वर्गाचा डबा मी तीन वर्षं मैदानाच्या कडेला नेतोय. त्यासाठी मुख्याध्यापकांना दोनदा भेटावं लागलं. तुम्ही चार पालक मिळून गेलात तर शाळेला नाही म्हणणं जड जाईल. एकटं जाऊ नका.

आणखी एक. मुलाला दिसत नाही हे मूल सांगत नाही, कारण सगळ्यांना असंच दिसतं असं त्याला वाटतं. डोळे बारीक करणं, मान तिरकी करणं, टीव्हीच्या जवळ सरकणं, आवडीचा खेळ अचानक टाळणं. क्रिकेट सोडलेला एक मुलगा माझ्याकडे होता, त्याला चेंडूच दिसत नव्हता.

अबोली | २१ जून, रात्री ११.१०

काल आणि आज सगळ्यांची उत्तरं दोन-दोनदा वाचली. नवऱ्याला वाचून दाखवली. "पडदा ताणला जातो" इथे आल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, माझ्या वेळी आईबाबांना हे सांगायला कुणी नव्हतं.

ठाणेकर काकांनी लक्सचं लिहिलं म्हणून मोबाइलवर उजेड मोजायचं अॅप घेतलं. बाहेर पाऊस, आभाळ भरलेलं. घरात ट्यूबलाइटखाली अभ्यासाच्या टेबलावर जेमतेम २००. आमच्या मजल्याच्या गॅलरीत कठड्याशी २,५००. आणि पाऊस जरा थांबला तेव्हा खाली रस्त्यापलीकडच्या पिंपळाखाली ४,०००, तेही सावलीत! मला वाटत होतं पावसाळ्याचे चार महिने गेलेच. घरात किती अंधार असतो हे डोळ्यांना कळतच नाही.

सासूबाईंना खाली घेऊन गेले, आकडे दाखवले. त्या म्हणाल्या, मग सकाळी मी नेते दोघांना, मलाही गुडघ्यांसाठी चालायला सांगितलंय. चष्म्याचं अजून पूर्ण पटलेलं नाही, पण पुढच्या तपासणीला त्या सोबत येणार आहेत.

क्लासच्या बाईंशी बोलले, सकाळची बॅच सोडून संध्याकाळी सातची घेतली. म्हणजे साडेसात ते साडेनऊ दोघं बाहेर. पाऊस असेल तर गॅलरीत कठड्याशी कॅरम. धाकटीची तपासणी पुढच्या शनिवारी ठरली आहे, मोठ्याची लांबीही त्याच दिवशी मोजणार. थेंबांचा निर्णय आकडा बघून डॉक्टर घेतील.

गिरगावकरीण ताई, थेंब घातल्यावर शाळेत उन्हाचा त्रास व्हायचा तेव्हा लेकीला टोपी पुरली का, की रंग बदलणाऱ्या काचा घ्याव्या लागल्या?

गिरगावकरीण | २२ जून, सकाळी ८.००

टोपी पुरली. शाळेला मात्र डॉक्टरांची चिठ्ठी दिली होती, नाहीतर प्रार्थनेच्या वेळी टोपी काढायला लावायचे.

अबोली | २२ जून, सकाळी ९.५०

धन्यवाद, चिठ्ठी मागून घेते. आज पहिला दिवस होता. सात मुलं जमली, त्यातली चार आमच्याच इमारतीतली, ज्यांची नावंही मला माहीत नव्हती. कन्नमवार नगर किंवा टागोर नगरातलं कुणी हा धागा वाचत असेल तर साडेसातला मुलांना पिंपळाखाली पाठवा. रोज एक मोठं माणूस लक्ष ठेवायला हवंय. सोम, बुध, शुक्र सासूबाई आहेत, रविवारी नवरा. मंगळवार, गुरुवार आणि शनिवारसाठी कुणी येऊ शकेल का?