इंजिन नवीन बांधलंय, सेल्फ (स्टार्टर मोटर) रेंगाळतो. "टाइट आहे, होईल मोकळं" हे पटतं का तुम्हाला?

कुडचड्याचा टिपर: टाटा 697 आहे, 24 व्होल्ट. पावसात गाडी उभीच असते म्हणून इंजिन उतरवून लाइनर-पिस्टन, बेअरिंग सगळं नवीन टाकलं, क्रँक (इंजिनचा मुख्य दांडा) ग्राइंड केला. सेल्फ जुनाच, पण उतरवायच्या आधी खणखणीत फिरत होता. आता चावी मारली की घर्रर... घर्रर... आणि दम तुटतो. बॅटऱ्या दोन्ही लोड लावून तपासल्या, ठीक आहेत. फिटर म्हणतो नवीन काम आहे, टाइट असणारच, दुसऱ्या गाडीने ओढून चालू करू. इलेक्ट्रिशियन म्हणतो सेल्फ गेला, नवीन घे. माझ्या मते दोघंही अंदाजाने बोलतायत, मीटर कोणीच लावला नाही. तुमचं काय मत?

फोंड्याचा मिस्त्री: फिटर बरोबर बोलतोय रे. रिंगा नवीन, लाइनरला होनिंगच्या रेघा ताज्या, सहा सिलिंडरचं घर्षण थोडं का असतं? आम्ही उसगावला किती गाड्या ओढून चालू केल्या, काही झालं नाही. थोडी चालली की सेल्फ आपोआप सुटा होतो. उगाच घाबरू नकोस.

वास्को_वायरिंग: काका, रागावू नका पण थोडं जड फिरणं वेगळं आणि दम तुटणं वेगळं. इंजिन बांधून आलं म्हणजे रंग मारलेला असणार, बरोबर? अर्थिंगची पट्टी त्याच रंगावर कसली असेल तर संपलं. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, त्यामुळे चेसिसला अर्थ असला तरी ब्लॉकला तो त्या पट्टीतूनच मिळतो. सेल्फ 300 अँपिअर ओढत असेल आणि त्या जोडात फक्त 0.01 ओहम अडथळा असेल तरी 3 व्होल्ट तिथेच जातात. डोळ्याला काही दिसत नाही, मीटरला दिसतं. दोघांना उभं करा, एकाने स्टॉप ओढून (म्हणजे डिझेल बंद, इंजिन चालू होणार नाही) चावी मारायची, दुसऱ्याने मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (केबलच्या टोकाच्या लगवर नाही, खांबावर) आणि दुसरं सेल्फच्या बॉडीवर धरायचं. मग तसंच पॉझिटिव्ह खांब ते सेल्फचा मोठा बोल्ट. 24 व्होल्टच्या गाडीत दोन्ही मिळून एक व्होल्टच्या आत पाहिजे. आणि एका वेळी दहा-पंधरा सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये थंड होऊ द्या, नाहीतर बरा सेल्फ खरंच जाळाल.

साखळी_ट्रान्सपोर्ट: ओढून चालू करायला माझा ठाम विरोध. 2012 ला गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, परत 2018 ला, तेव्हा आमच्याकडच्या गाड्या वर्षानुवर्षं उभ्या होत्या, केबलच्या आत हिरवी बुरशी धरलेली, वरून इन्सुलेशन चकाचक. त्यामुळे वायरिंगवर माझा पहिला संशय. पण समजा खरंच बेअरिंग टाइट असेल, तर ओढणं म्हणजे ऑइल प्रेशर यायच्या आत क्रँक बळजबरीने फिरवणं. बेअरिंगचं मेटल चिकटलं तर सगळा खर्च परत, आणि फिटर म्हणणार तुम्ही नीट चालवली नाही!

फोंड्याचा मिस्त्री: मीटर धरून इंजिन कळत नाही बाबा. नोझल काढा (म्हणजे कॉम्प्रेशन आड येणार नाही), न्यूट्रलला टाका आणि क्रँक पुलीला लांब पाना लावून हाताने फिरवा. सारखा जड लागला तर रिंगांचा, चालेल. एका जागी अडला तर बेअरिंगची कॅप उलटी किंवा अदलाबदल झालेली, नाहीतर क्रँकची पुढे-मागे चाल रोखणारा थ्रस्ट वॉशर. हे तुमचा मीटर सांगेल काय?

म्हापसा_गॅरेजवाली: काकांची ही गोष्ट मात्र सोळा आणे खरी. फक्त ती "ओढून चालू करा"च्या आधी यायला हवी होती ना. मी तर फिटरला विचारेन, हेड बसवायच्या आधी प्रत्येक कॅप कसल्यावर क्रँक फिरवून बघितला होता का? उत्तर द्यायला वेळ लागला की समजायचं. आणि क्लॅम्प मीटर (केबलभोवती अडकवून अँपिअर मोजणारा) मिळाला तर बघा: स्लो आहे आणि अँपिअर कमी, तर केबल, जोड किंवा सेल्फचे कार्बन. स्लो आहे आणि अँपिअर भरमसाट, तर इंजिन जड किंवा बुश झिजून आर्मेचर आत घासतंय.

कुडचड्याचा टिपर: रीडिंग घेतलं. चावी मारताना बॅटरीवर 21.5, पॉझिटिव्ह बाजूला 0.6 गेले, निगेटिव्ह बाजूला 3.1! सेल्फला हातात 17.8 च पडत होते. पट्टी क्लच हाउसिंगवर, खाली जाडजूड रंग. घासून लोखंड काढलं, लग बदलला, आता निगेटिव्हचे 0.3 जातात आणि इंजिन थंड असताना एका चावीत घेतो. नवीन सेल्फची ऑर्डर रद्द केली, इलेक्ट्रिशियन फुगून बसलाय. नोझल काढून हाताने पण फिरवलं, कुठे अडत नाही.

वास्को_वायरिंग: 🙏 रंगाचा डबा जिंकला.

फोंड्याचा मिस्त्री: थंड असताना घेतो, मान्य. आता सावर्ड्यापर्यंत रिकामी नेऊन आण, चांगली तापव, बंद कर आणि लगेच चावी मार. गरम झाल्यावर परत रेंगाळला तर बेअरिंगचं क्लिअरन्स कमीच आहे म्हणेन मी.

म्हापसा_गॅरेजवाली: किंवा सेल्फ तापला म्हणून, काका. त्यासाठी पण अँपिअरच बघावे लागणार.

कुडचड्याचा टिपर: क्लॅम्प मीटर आणतो भाड्याने. तोपर्यंत फिटरचे उरलेले पैसे माझ्याकडेच.