सराफा ओळी की सराफ आळी?

इतवारीकर: नागपूरच्या इतवारी भागातल्या आमच्या आजोबांच्या आठवणींची पुस्तिका छापायला दिली आहे. तीत 'सराफा ओळीतून किराणा ओळीपर्यंत पायीच जायचे' असे वाक्य आहे. पुण्याच्या मुद्रितशोधकांनी दोन्हीकडे 'आळी' केले आणि 'ओळी हे अनेकवचन आहे, गल्लीचे नाव कसे असेल?' अशी टीपही जोडली. ही दुरुस्ती स्वीकारावी काय?

पेठकर: स्वीकारावी. आमच्या पुण्याच्या बोहरी आळीप्रमाणे 'आळी' हेच प्रमाण रूप आहे. 'सराफा' आणि 'इतवारी' तर सरळ हिंदी आहेत.

महालवासी: 'आळी' संस्कृत 'आलि'वरून आली आणि 'ओळ' 'आवलि'वरून, दोन्हींचा अर्थ रांग, त्यामुळे एकीने दुसरीला अशुद्ध म्हणण्याचे कारण नाही. इतवार हा आदित्यवारच, आणि पुण्याची रविवार पेठही जुन्या कागदांत 'आदितवार' म्हणून येते, हे पेठकरांनी विसरू नये. हिंदीचा खरा उपद्रव वेगळाच आहे: तिच्यात 'ळ' नसल्याने पाट्यांवर 'सराफा ओली' असे लिहिले जाते, आणि साताऱ्याहून आलेल्या आमच्या वहिनींनी भर मे महिन्यात 'इथे ओले काय आहे?' असे विचारले होते.

बर्डीवाला: नावांचा अर्थ व्याकरणापेक्षा बोलण्यात सापडतो. आम्ही इतवारीत जातो, महालात जातो, पण बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीवर, जातो. कारण बर्डी म्हणजे मुरमाड उंचवटा, बरड जमीन. 1817 ची इंग्रज-भोसल्यांची लढाई झाली ती याच टेकडीवर. शीतलाप्रसाद आणि बद्रीप्रसाद या भावांवरून सीताबर्डी झाली, ही कथा मला मागाहून जुळवलेली वाटते.

महालवासी: आमच्या घरी 'बर्डीला' म्हणतात, भाऊ. एका प्रत्ययावर टेकडी उभी करू नये.

बर्डीवाला: टेकडी आधीच उभी आहे, वर किल्लाही आहे.

पेठकर: तरीही बाहेरच्या वाचकाला 'ओळी' वाचताना कवितेच्या ओळी आठवतील, त्याचे काय?

महालवासी: आठवू द्याव्यात. गांधी गेटला जुम्मा दरवाजा म्हणणारी माणसे अजून आहेत. त्यांच्या तोंडी 'सराफ आळी' घातली, तर आजोबा नागपूरचे राहणार नाहीत.

इतवारीकर: मग 'ओळी' ठेवतो. परंतु पुढच्या पानावर बर्डीतील 'मोदी नंबर 3' या पत्त्याचे त्यांनी 'श्री. मोदी, घर क्र. 3' केले आहे. ती गल्ली आहे, हे मी कळवीन. मात्र हा मोदी म्हणजे मोदीखान्यातला धान्याचा कोठारवालाच ना?

बर्डीवाला: माझ्या मते तोच, मात्र आमच्या गल्लीतले दुकानदार हे मान्य करत नाहीत.