आधी उपकारस्तुती की आधी आज्ञापालन?

कॅम्पवासी
ख्रिस्तात सलाम. बेळगावात आपल्या लोकांची घरची उपासना बघतो तेव्हा एक गोष्ट खटकते. गीत, स्तोत्र, मग उपकारांची लांब यादी: पोराला बेंगळुरात नोकरी, उसाचं बिल जमा, शुगर आटोक्यात. आमेन. आणि बांधावरून सख्ख्या भावाशी बोलणं बंद ते बंदच. मत्तय 5:23-24 वाचा. भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे वेदीपाशी आठवलं, तर दान तिथंच ठेवून आधी समेट करायला जायचं. शमुवेल संदेष्ट्यानं शौल राजाला हेच सुनावलं, यज्ञापेक्षा आज्ञा पाळणं बरं. माझं मत, समोर दिसणारी आज्ञा टाळून उपकारस्तुतीला तोंड उघडू नये.

खानापूरकर
काका, मग तोंड कधीच उघडायला नको. निर्गम 20 बघा की. पहिल्या आज्ञेच्या आधी देव सांगतो, मी तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर आणलं. सुटका आधी, नियम नंतर. आणि लूक 17 मधले दहा कुष्ठरोगी? येशूनं स्वतःला याजकांना दाखवा म्हटल्यावर दहाही निघाले, वाटेत बरे झाले. आभार मानायला परत आला एकच, तोही शोमरोनी, यहुदी ज्यांना परके मानायचे त्यांतला. येशूनं विचारलं, बाकीचे नऊ कुठं? तुमच्या हिशेबानं ते नऊ पास!

कॅम्पवासी
मुद्दा चांगला काढलात. पण तो एकही आधी निघालाच होता, वाटेतच शुद्ध झाला. शिवाय आभार मानायला काही खर्च नाही. बांध सोडायचा तर दोन गुंठे जातात.

निपाणीची सून
आज्ञापालन म्हटलं की आमच्या वाट्याला काय येतं सांगू? सासूचं ऐक, नवऱ्याचं ऐक, मंडळीच्या सभेत बोलू नको. सगळं देवाच्या नावावर. प्रेषितांची कृत्ये 5:29 मात्र कुणी वाचून दाखवत नाही: माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. म्हणून मी पहाटे दार लावून एकटी बसते आणि आधी आभारच मानते. तिथं कुणाचा हुकूम चालत नाही.

शहापूर पेठ
ताई, पटलं. पण आभारही सक्तीचे होतात हो. 2019 च्या ऑगस्टमधल्या पुरात गावाकडच्या घराची भिंत गेली, भात भिजलं. भेटायला आलेले म्हणाले, सर्व स्थितीत उपकारस्तुती करा, 1 थेस्सलनीकाकरांस 5:18. वचन खरंच. पण मला त्या आठवड्यात स्तोत्र 13 च जमलं, ‘हे परमेश्वरा, कोठवर?’ तेही शेवटी गाण्यावर येतं, पण अगदी शेवटी. तोवर दावीद तक्रारच करतो, आणि त्याला कुणी गप्प बसवत नाही.

खानापूरकर
हे मान्य. काका, तुम्हाला मात्र एक विचारतो. समेटाला गेलो आणि भाऊ दारातूनच परत पाठवतो, मग?

कॅम्पवासी
तरी जायचं. त्यानं दार उघडलं तरच, असं काही लिहिलेलं नाही.

खानापूरकर
आणि तोवर उपासना बंद? मला नाही जमणार. आमचीही केस चालू आहे, तारखेच्या दिवशीसुद्धा आभार मानूनच एसटी पकडतो.