मदत हवी आहे : घरच्या सर्व्हरवर स्लॅकवेअरचा मिरर

नमस्कार मंडळी. स्लॅकवेअर १९९३ पासून चालू आहे, आजही चालू असलेल्या लिनक्स डिस्ट्रोंमध्ये (लिनक्सच्या तयार आवृत्त्यांमध्ये) सगळ्यांत जुनी. मागे मोठी कंपनी नाही, त्यामुळे मिरर (डाउनलोडसाठी ठेवलेली हुबेहूब प्रत) चालवणाऱ्यांवर बरंच काही अवलंबून असतं. आपणही हातभार लावावा असं फार वाटतंय.

जुना डेस्कटॉप आणि १ टीबीची डिस्क तयार आहे. रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी काम सुरू करणारी सोय) आरसिंक (प्रत ताजी ठेवणारा प्रोग्राम) चालतं. त्यात 'डिले-अपडेट्स' लावलंय, म्हणजे नव्या फाइली आधी बाजूला उतरतात आणि शेवटी एकदम जागेवर जातात. मध्येच लाइट गेली तरी मिरर सहसा अर्धवट राहत नाही.

अडलंय ते पुढे. फायबरवाल्याने सीजीनॅटमागे (अनेक ग्राहकांत मिळून एकच सार्वजनिक आयपी पत्ता) ठेवलंय, त्यामुळे पोर्ट फॉरवर्डिंगचा (बाहेरची जोडणी राउटरवरून सर्व्हरकडे वळवण्याचा) उपयोग नाही. आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा आयपी पत्ता) मिळतं, पण राउटर रीस्टार्ट झाला की प्रीफिक्स (पत्त्याचा सुरुवातीचा भाग) बदलतो. डायनॅमिक डीएनएस (बदलता पत्ता एकाच नावाशी जोडून ठेवणारी सेवा) लावून फक्त आयपीव्ही६वर मिरर ठेवला तर कुणाला खरंच उपयोग होईल का? व्हीपीएसवरून (भाड्याच्या ऑनलाइन सर्व्हरवरून) वायरगार्ड टनेल (घरापर्यंतची सुरक्षित खाजगी जोडणी) काढता येईल, पण मग सगळा ट्रॅफिक व्हीपीएसमधूनच जाणार, ते मला पटत नाही.

पॅकेजवर जीपीजी सही (फाइल मूळचीच आहे हे तपासता येणारी डिजिटल सही) असते, म्हणून भेसळीची चिंता कमी. घरचं नेटवर्क मात्र उघडं पडायला नको. त्यासाठी वेगळं व्हीलॅन (त्याच नेटवर्कमधला स्वतंत्र कप्पा) पुरेल का? कुणी घरून मिरर चालवत असाल तर कृपया तुमची मांडणी सविस्तर सांगा.